अंगमेहनतीचे माप कोण ठरवते?



जालना जिल्ह्याची ओळख सांगताना आपण बियाणे, सळई आणि मोसंबी यांची नावे घेतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि जालन्याचे बियाणे देशभरच्या शेतांत पोहोचले. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिलांनी जालन्याची सळई राज्यभरच्या बांधकामांवर नेली. या ओळखीइतकीच खरी, पण आपण कमी सांगतो अशी आणखी एक ओळख आहे: अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून दर हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. या सगळ्यांच्या मुळाशी अंगमेहनत आहे, आणि आज मला त्या अंगमेहनतीविषयी एकच प्रश्न विचारायचा आहे. काम करताना माणसाच्या शरीराने किती ताण सोसावा, हे कोण ठरवते? काम, अवजार, जागा आणि वेळ माणसाच्या शरीरामनाला साजेशी कशी करावी याचा अभ्यास करणारे अर्गोनॉमिक्स नावाचे शास्त्र आहे, आणि हे माप ते ठरवते असे आपण मानतो. माझे म्हणणे असे की शास्त्र मोजायला येते तेव्हा समाजाने तीन गोष्टी आधीच ठरवून टाकलेल्या असतात. कोणाचे शरीर नमुना मानायचे, कोणाच्या वाट्याला कोणते काम घालायचे आणि दुखणे कोणी बोलून दाखवायचे. या तीन गोष्टींना हात न लावता आणलेले उत्तम अवजारसुद्धा माणसाचे कष्ट फारसे कमी करत नाही.

पहिली गोष्ट नमुन्याची. या शास्त्राला आजचे रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आले. विमाने आणि रडार चालवणाऱ्या सैनिकांचा थकवा आणि त्यांच्या चुका अभ्यासण्यासाठी शरीरशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि अभियंते एकत्र बसले, आणि १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये अर्गोनॉमिक्स रिसर्च सोसायटी स्थापन झाली. साहजिकच आधी मोजले गेले ते तरुण, धडधाकट, पाश्चात्त्य सैनिकाचे शरीर. पण ती शरीरेही एकसारखी नव्हती. अमेरिकी हवाई दलातल्या ४,०६३ वैमानिकांची मापे तपासून गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की निवडलेल्या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्यांत नव्हता. एका देशाच्या, एका वयाच्या, निवडून घेतलेल्या पुरुषांत जर सरासरी माणूस सापडत नाही, तर ती सरासरी घेऊन मराठवाड्यातल्या रोजंदारीवरच्या बाईसाठी अवजार कसे घडवणार? अल्फॉन्स चापानिस यांनी १९७५ मध्ये या शास्त्रातल्या वंश आणि संस्कृतीच्या भेदांवर स्वतंत्र ग्रंथ संपादित केला. आपल्याकडे देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरांची मापे एकत्र करून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतर्फे १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांनी आपल्या कारागिराच्या हाताची, खांद्याची, बैठकीची मापे अभियंत्याच्या टेबलावर नीटपणे आली. तोवर आपण बहुधा दुसऱ्याच्या मापाची यंत्रे वापरली आणि ती जमली नाहीत की कामगाराला अडाणी ठरवले.

पण माप म्हणजे केवळ लांबीरुंदी नव्हे. शरीर कसे वापरायचे हे माणूस समाजातच शिकतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९३४ मध्ये दिलेल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात पहिल्या महायुद्धातला दाखला दिला होता. इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावडी चालवता येत नसत, त्यामुळे एका देशाच्या तुकडीच्या जागी दुसऱ्या देशाची तुकडी आली की दर डिव्हिजनमागे आठ हजार फावडी बदलावी लागत. दोन शेजारी देशांतली ही माणसे बांध्याने सारखीच होती. फरक होता तो खणण्याच्या शिकलेल्या रीतीत. गॉर्डन ह्यूज या मानवशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये जगभरच्या बसण्या-उभे राहण्याच्या सवयींचा आढावा घेतला आणि सांगितले की मानवजातीचा सुमारे एक चतुर्थांश भाग सवयीने उकिडवे बसून काम करतो आणि विश्रांती घेतो. खुर्चीवर बसणे हीच माणसाची स्वाभाविक बैठक, हा समज यातून निकालात निघतो. आपल्या घरात, ओट्याशी, चुलीशी, शेतात शरीर ज्या रीतीने वळते ती रीत पाहिल्याशिवाय केलेली कामाची मांडणी कागदावरच राहील.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वरवर रास्त वाटतो. उकिडवे बसणे, कमरेत वाकणे ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, आमच्या बायकांना त्याचा त्रास होत नाही, मग बाहेरच्या शास्त्राने त्यात ढवळाढवळ का करावी? याचे उत्तर असे की सवय आणि सक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. गप्पा मारताना घटकाभर उकिडवे बसणे वेगळे आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्याच बैठकीत खुरपे चालवत ओळीतून पुढे सरकत राहणे वेगळे. बीजिंगमधल्या वृद्धांच्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की ज्यांनी तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसून काढले त्यांच्यात गुडघ्याच्या सांधेझिजेचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. चीनमध्येही ही बैठक पिढीजातच आहे. सवयीने शरीराला एखादी बैठक जमते, पण त्या बैठकीची झीज सवयीने टळत नाही. म्हणून परंपरेचा आदर करायचा तो तिच्यातले कसब जपून. तिच्यातले दुखणे जपण्याची काही गरज नाही.

शिवाय ज्या बैठकीला आपण परंपरा म्हणतो तिच्यामागे पुष्कळदा देखरेखीची सोय असते. कॅलिफोर्नियातल्या शेतांत मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने तण काढायला लावत. लांब दांड्याने पिकाची नासाडी होईल, असे मळेवाल्यांचे म्हणणे होते. मजुरांचे म्हणणे होते की आखूड दांडा मुकादमाच्या सोयीचा आहे, कारण जो उभा दिसेल तो काम टाळतो आहे हे दुरूनही कळते. पाठीची दुखणी डॉक्टरांच्या साक्षीने न्यायालयापुढे आली आणि १९७५ मध्ये त्या कुदळीवर बंदी आली. शेती बुडाली नाही. लांब दांड्यानेही तण निघत राहिले. आपल्या शिवारातही कंबर सरळ करायला क्षणभर उभ्या राहिलेल्या बाईला हटकण्याची रीत आहे. वाकलेली पाठ म्हणजे काम आणि ताठ पाठ म्हणजे आळस, हे समीकरण कोणत्याही शरीरशास्त्रात नाही. ते मालक-मजुराच्या नात्यात आहे, आणि पाठीच्या मणक्यावर त्याचा परिणाम अवजाराच्या लांबीइतकाच होतो.

आता दुसरी गोष्ट, कामाच्या वाटणीची. आपल्याकडे तण काढण्याची दोन कामे आहेत. कोळपे पुरुष चालवतो, उभ्याने आणि बैलांच्या बळावर. ओळीतले, रोपाजवळचे तण खुरप्याने बाई काढते, बसून किंवा वाकून. पीक तेच आणि तणही तेच, पण बळ वाचवणारे अवजार एका हाती आणि बळ खाणारे दुसऱ्या हाती. इस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये स्त्रिया आणि आर्थिक विकास यांवरच्या आपल्या ग्रंथात दाखवले की शेतीत सुधारित अवजार आले की ते बहुधा पुरुषाच्या हाती जाते आणि हातकाम बाईकडे राहते. त्यामुळे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थांनी शेतकरी महिलांचे कष्ट कमी करण्यासाठी चालवलेले संशोधन मला फार मोलाचे वाटते. भेंडी तोडताना बोटे वाचवणारे हातमोजे, कापूस वेचणीसाठी भार नीट विभागणारा कोट, दातेरी हलका विळा, या साध्या वस्तू बाईच्या हाताचा विचार करून घडल्या. पण त्या गावागावांत का पसरत नाहीत, याचे उत्तर वस्तूत सापडणार नाही. घरात पैसा कोणत्या अवजारावर खर्च करायचा हे ठरवणारा माणूस ते अवजार वापरणारा नसतो. ज्याची पाठ दुखते त्याच्या हाती खरेदी नाही, आणि ज्याच्या हाती खरेदी आहे त्याची पाठ दुखत नाही.

जालन्याच्या बीजोत्पादनात हे सर्वात स्पष्ट दिसते. संकरित कापसाच्या सीड प्लॉटवर दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर अंगठ्याच्या नखाने अलगद काढायचे, कळीवर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर नर झाडाचा पराग लावायचा. जालना, जाफ्राबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीच्या बियाण्यासाठी असेच हाताने क्रॉसिंग चालते. कळी चुकली, बीजांडकोशाला नख लागले किंवा एखादे पुंकेसर राहून गेले की बियाणे गेले किंवा त्याची शुद्धता गेली. म्हणजे लाखमोलाचे बियाणे एका अंगठ्याच्या नेमकेपणावर उभे आहे. हे काम प्रामुख्याने बायका-मुली करतात, आणि त्याचे कारण सांगितले जाते ते असे की त्यांची बोटे जात्याच नाजूक आणि चपळ असतात. डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी १९८१ मध्ये जगभरच्या कारखान्यांतल्या स्त्रियांविषयी लिहिताना या समजाचे मर्म उलगडले. ही चपळता मुलींना घरात, शिवणटिपणात, लहानपणापासून शिकवली जाते. मात्र ते शिक्षण घरात झाल्यामुळे बाजार त्याला कसब मानत नाही, निसर्गाची देणगी मानतो, आणि देणगीची मजुरी द्यावी लागत नाही. कसब मानले असते तर त्या अंगठ्याच्या विश्रांतीचा, कमरेच्या उंचीचा, शेडनेटमधल्या उकाड्याचा विचार झाला असता. किमती यंत्राला तेलपाणी करणारा उद्योग किमती हाताची निगा राखत नाही, याचे कारण त्या हाताची किंमत संस्कृतीने कमी लावली आहे.

ऊसतोडीत वाटणी आणखी खोल जाते, कारण तिथे मोजणीचे एककच नवरा-बायको मिळून एक कोयता असे आहे. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो, खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कोयत्याचा लागतो. जास्त साखर उसाच्या बुडख्यात असल्याने तोड जमिनीलगत करावी लागते आणि तोडणारा कमरेत मोडून वाकतो. पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, यांतले बरेचसे बाईकडे. बाईची मजुरी वेगळी लिहिली जात नाही, म्हणून तिचा थकवाही वेगळा मोजला जात नाही. पाळीच्या दिवसांत विसावा घेतला तर खाडा दोघांवर पडतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये केली, तेव्हा पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या आकड्यामागे खासगी वैद्यकीय व्यवहार, अस्वच्छता, लहान वयातली लग्ने अशी अनेक कारणे आहेत. पण कामाची मांडणी शरीराप्रमाणे बदलण्याऐवजी शरीरच कामाप्रमाणे कापून घेण्याची वेळ माणसांवर येते, यापेक्षा या शास्त्राचा मोठा पराभव मला माहीत नाही. उलट दिशेचा अनुभवही उपलब्ध आहे. निकाराग्वातल्या ऊसतोड्यांत मूत्रपिंडाचे विकार बळावले तेव्हा पाणी, सावली आणि ठरवून दिलेली विश्रांती यांचा कार्यक्रम राबवला गेला आणि तोडणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. विश्रांती मजुराच्या मर्जीवर सोडली असती तर टनावर पैसे मिळणाऱ्या माणसाने ती घेतली नसती. ती कामाच्या नियमात बसवली म्हणून ती मिळाली.

आपल्याकडे कामाच्या वाटणीचा सर्वात जुना नियम जातीचा आहे, आणि त्याने अवजाराशी कशी हातमिळवणी केली याचा दाखला मुंबईच्या गिरण्यांत आहे. विणकाम खात्यात धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांचे तोंड त्या धोट्याला लागले तर आम्ही बाटू, असे सांगून त्यांना या खात्याबाहेर ठेवले जाई, आणि चांगली मजुरी नेमकी याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. सूत तोंडाने ओढण्याची ही पद्धत आरोग्याला घातक म्हणून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच बंद केली होती, कारण हाताने सूत ओवता येईल असे धोटे तयार होत होते. म्हणजे एक सुधारित धोटा रोगाचा फैलावही थांबवू शकत होता आणि बहिष्काराचे निमित्तही काढून घेऊ शकत होता. तो आणण्याची निकड भासली नाही, कारण जुन्या धोट्याचे दुखणे ज्यांना सोसावे लागे त्यांच्या हाती निर्णय नव्हता. वाईट अवजार आणि अन्याय्य रूढी एकमेकांना कसे टिकवून धरतात, हे यात दिसते.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की हे सगळे गरिबीचे परिणाम आहेत, संस्कृतीचे नाव मध्ये कशाला? माणूस पोटासाठी वाकतो. यात तथ्य आहे, आणि संस्कृतीची चर्चा करून मजुरीचा प्रश्न झाकणाऱ्यांपासून सावध राहिलेच पाहिजे. पण गरीब पुरुष आणि गरीब बाई एकाच शेतात सारखे वाकत नाहीत, हे केवळ गरिबीने समजत नाही. गरिबीने माणूस काम स्वीकारतो. कोणते काम कोणत्या गरिबाचे, हे रूढी सांगते. आणि रूढी बदलता येते याचा पुरावा आपल्या मोंढ्यातच आहे. एके काळी हमालाच्या पाठीवर शंभर किलोचे पोते असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली, १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, बाबा आढाव आणि अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित केले, आणि पन्नास किलोचे पोते हळूहळू नेहमीचे झाले. हमाल आजही गरीबच आहे. त्याचा मणकाही तोच आहे. बदलले ते पोत्याच्या वजनाविषयीचे समाजाचे एकमत, आणि तेवढ्याने पाठीवरचा भार निम्मा झाला.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या अधिकाराची. जालन्याच्या भट्ट्यांवर भर उन्हाळ्यात, बाहेर पारा चाळीसच्या वर असताना, वितळलेल्या लोखंडाशेजारी माणसे उभी असतात. त्यांतले पुष्कळ बिहार, उत्तर प्रदेशातून ठेकेदारामार्फत आलेले असतात. जाड कातडी अंगरखा थंड देशातल्या कारखान्यासाठी ठीक असेल, पण इथे तो घातला की उष्णता अंगात कोंडते आणि कामगार तो काढून ठेवतो. त्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारणे सोपे आहे. हा अंगरखा घालून एवढा वेळ उभे राहता येत नाही, असे त्याने पर्यवेक्षकाला सांगितले तर काय होईल, हा खरा प्रश्न आहे. रॉबर्ट हेल्मराइख आणि अॅशली मेरिट यांनी १९९८ मध्ये विमानोड्डाण आणि वैद्यक या क्षेत्रांतल्या संस्कृतीवर लिहिताना दाखवले की वरिष्ठाची चूक दिसत असून कनिष्ठ गप्प राहिला तर कसबी माणसांचाही संघ धोक्यात येतो. जो नियम विमानाच्या कॉकपिटमध्ये खरा, तो भट्टीसमोर अधिकच खरा, कारण तिथे भाषा वेगळी, नोकरी कंत्राटी आणि गाव हजार किलोमीटर दूर.

यावर काही जण म्हणतील की भारतीय माणूस मुळातच वरिष्ठांपुढे दबणारा आहे, त्याला बोलते करणे अशक्य. गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून १९८० मध्ये देशोदेशींच्या अशा वृत्तींचे निर्देशांक मांडले आणि भारताला अधिकारभेद मानणाऱ्या देशांत वरचे स्थान दिले. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरून अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव ठरवता येतो का, असा आक्षेप ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये घेतला आणि तो मला पटतो. त्याहून भक्कम उत्तर अहमदाबादच्या कॅलिको मिलने दिले आहे. तिथे १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या खात्यात प्रयोग केला. एकेकटी, तुकड्या-तुकड्यांची कामे मोडून मागांच्या गटाची जबाबदारी कामगारांच्या छोट्या संघाकडे द्यावी, ही कल्पना पुढे येताच कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी आपापसांत बोलून संघ बनवले. कार्यक्षमता वाढली आणि कापड खराब होण्याचे प्रमाण घटले. पुढे १९७० च्या सुमारास एरिक मिलर यांनी पुन्हा पाहिले तेव्हा काही खात्यांत ही पद्धत विरून गेली होती, काही ठिकाणी मात्र टिकली होती. दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. आपला कामगार विचारले तर आपले काम स्वतः नीट बसवू शकतो, आणि वरून पाठबळ राहिले नाही तर ती व्यवस्था टिकत नाही. दबणे हा स्वभाव असता तर पहिली गोष्ट घडलीच नसती.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि यंत्राचा. लहान उद्योजक म्हणेल, परवडत नाही. शेतकरी म्हणेल, ऊसतोडणी यंत्र येईल तेव्हा हा प्रश्नच उरणार नाही. सावली, पिण्याचे पाणी, लांब दांडा, उंच ओटा आणि तासामागे दहा मिनिटे विसावा यांना मोठे भांडवल लागत नाही, आणि थकलेल्या हाताने बिघडवलेले बियाणे किंवा चुकलेली सळई यांचा खर्च आज कोणाच्या वहीत लिहिला जात नाही एवढेच. यंत्र आले तर जरूर यावे. पण यंत्रावर कोण बसेल आणि उरलेले वाकून करायचे काम कोण करील, हे यंत्र ठरवत नाही. आजचीच वाटणी कायम राहिली तर जुना भार नव्या रूपात त्याच पाठीवर येईल.

म्हणून जालना जिल्ह्यापुढे मी काही ठोस अपेक्षा ठेवतो. बियाणे कंपन्यांनी क्रॉसिंग करणाऱ्या बायकांना कुशल कामगार म्हणून नोंदवावे आणि त्या दराने मजुरी व विश्रांती द्यावी. ऊसतोडीच्या करारात कोयत्याच्या जागी दोन नावे, दोन मजुऱ्या आणि पाळी-बाळंतपणाची बिनखाड्याची सुट्टी लिहावी. कारखाने अधिनियम, १९४८ शेतमजुराच्या बांधापर्यंत कधी पोहोचला नाही, ती उणीव शासनाने भरून काढावी. भट्ट्यांवर सुरक्षेची बैठक कामगाराच्या भाषेत व्हावी आणि धोका सांगणाऱ्याचे काम जाणार नाही याची लेखी हमी असावी. कृषी विद्यापीठाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने अवजार दाखवण्याआधी ते वापरणाऱ्या बाईला एकटीला, घरच्या पुरुषांच्या पाठीमागे, विचारावे. हे करायला नवे शास्त्र शोधावे लागणार नाही. जो वाकतो त्याला कामाच्या मांडणीत पहिला शब्द द्यायचा, हा निर्णय घ्यावा लागेल. तो निर्णय झाला की शास्त्राची मापे कामी येतील. तोपर्यंत ती ज्याच्यासाठी घेतली त्याच्या उपयोगाची नाहीत.